तांत्रिक खंड

देवगिरी पन्नास मिनिटं लेट.
मी परभणीच्या फलाटावर, हातात पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर स्केचपेननं: डॉ. अनघा तिरोडकर, मृदाशास्त्र.
'मृ' जरा गिचमिड झालाय.
माती आहे, चालतंय.

तिची फाइल मला पाठ आहे.
जन्म वेंगुर्ला. रक्तगट बी निगेटिव्ह.
ओळखीची खूण, डाव्या मनगटावर तीळ.
नामनिर्देशनात आईचं नाव,
टक्केवारीच्या रकान्यात शंभर.
फोनवर तिनं तीनच गोष्टी विचारल्या:
ऊन किती, मासे मिळतात का,
आणि आईला सोबत आणलं तर चालेल का.
मी म्हणालो, लई.
मिळतात, येलदरीचे, मंगळवारी.
तिसऱ्याला नियमात उत्तर नव्हतं,
म्हणून हो म्हणालो.

नेमणुकीच्या आदेशात नसतं ते मी सांगतो.
नळाला पाणी आठव्या दिवशी, तेही पहाटं तीनला,
बकेटी आधीच लावून ठेवा.
क्वार्टर बी-सात मागा, बी-नऊ नको,
नऊच्या पत्र्यावर वानरं नांदतात.
फिटनेसला सिव्हिलमध्ये अकराच्या आत जा,
नंतर डॉक्टर चहाला जातात
आणि तो चहा चारपर्यंत निवत नाही.
कुणी 'काय करायलाव?' म्हटलं तर दचकू नका,
ती चौकशी नाही, नमस्कार आहे.
आणि रुजू अहवालात वेळ लिहा, मध्यान्हपूर्व.
दुपारनंतरचं लिहिलं की त्या दिवसाचा पगार बुडाला.

बाहेर खोली बघायची तर मालक आधी आडनाव विचारतो,
मग गाव, मग चुलीवर काय शिजतं.
अकोल्याच्या नसीम मॅडमसाठी चौदा दारं फिरलो.
पंधराव्यावर मी भाड्याच्या आधी नाव सांगितलं,
म्हातारी म्हणाली, बरं, लेकरं किती?
आता ती म्हातारी त्यांच्याकडंच बीपी मोजून घेते.

आज मात्र मी कुणाच्या वतीनं आलोय
हे लेखी देता यायचं नाही.
काल माझे अकरा महिने भरले.
ओळखपत्र जमा केलं, दोरीसकट.
उद्या नवा आदेश, अठरावा.
मधला हा एक दिवस केरबा सोनटक्के नावाचा इसम
विद्यापीठाच्या सेवेत नाही.
सलगता तुटली पाहिजे, नाहीतर हक्क लागतो,
असं वकिलांचं मत आहे.
ते टिपण मीच टाइप केलंय.
शुद्धलेखनाची एक चूक निघाली नाही.

दरवेळी ह्या दिवशी मी झोपतो.
ह्यावेळी तिची गाडी नेमकी आजची.

उतरल्या. ती, आई, तीन बॅगा,
आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं अबोलीचं रोप,
आईच्या पोटाशी, रात्रभर जागलेलं.
स्टँडच्या कडेला रिक्षा ठरवेपर्यंत
ती खाली बसली, एक ढेकूळ उचललं,
चुरगाळलं, जिभेला लावलं.
रस्त्यालगतच्या पट्टीत हात जाईल एवढ्या भेगा.
मी ओशाळलो, आमच्याकडं हे असंच, म्हणालो.
ती म्हणाली, "असायलाच हव्यात.
भेगा नसल्या तर ह्या मातीत पाणी खोल उतरत नाही."
मग मनगट पुसलं. तीळ दिसला.

चावी रुजू झाल्याशिवाय मिळत नाही,
म्हणून बॅगांसकट गेटवर, दहा वीस.
चांदपाशानं मला पाहून नजर वळवली,
बिचाऱ्याला तारीख ठाऊक होती.
"तुम्ही येत नाही आत?"
आज सुट्टी आहे, म्हणालो.
ती लिंबाखालून आस्थापनेकडं निघाली
आणि मी पुलाच्या कठड्यावरून ओरडलो,
मॅडम! मध्यान्हपूर्व!

आई आणि मी, बॅगा, रोप.
ऊन चढत होतं.
"तुमका हंय किती वर्सां झाली?"
मी बोटं घातली, काढली.
उद्यापासून, म्हणालो.
तिला थट्टा वाटली, हसली.
मग माझ्या बाटलीतलं पाणी मागून घेतलं
आणि फडकं पुन्हा ओलं केलं.